'द निगोशिएटर' आज पाहताना: वाटाघाटीचे तंत्र किती खरे, किती पडद्यापुरते?

प्रश्न असा आहे: १९९८ चा 'द निगोशिएटर' आज पुन्हा बघण्यासारखा आहे का, आणि पोलिसांनी ओलीस सोडवण्याची जी पद्धत त्यात दाखवली आहे ती कितपत खरी? बंदूक रोखून बसलेल्या माणसाशी बोलायचे कसे, हे शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या चित्रपटाचे तुकडे मी वर्गात दाखवत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. शेवटही सांगणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो बघून यावे.

आधी सरळ उत्तर. बघा. तंत्राच्या बाबतीत निम्म्याहून जास्त गोष्टी चुकीच्या आहेत, तरीही बघा. कारण एक गोष्ट या चित्रपटाला अचूक कळली आहे: निगोशिएटरची, म्हणजे ओलीस धरणाऱ्याशी बोलणी करणाऱ्याची, झुंज आतल्या माणसाशी असते त्यापेक्षा जास्त स्वतःच्याच माणसांशी असते. आतला माणूस बहुतेक वेळा घाबरलेला आणि दमलेला असतो, त्याला वेळ दिला की तो हळूहळू खाली येतो. बाहेरचे लोक मात्र तासागणिक चढत जातात. चिलखते चढवून बसलेल्या पथकाला आत घुसायचे असते, वरिष्ठांना रात्र संपायच्या आत निकाल हवा असतो आणि कॅमेरे दारात असतात. या दोन वेगांमधली ओढाताण म्हणजे हे काम.

कथा थोडक्यात. शिकागो पोलिसांतला लेफ्टनंट डॅनी रोमन (सॅम्युएल एल. जॅक्सन) हा ओलीस सोडवणारा नावाजलेला अधिकारी. खात्याच्या अपंगत्व निधीतून पैसे खाल्ले जात आहेत असे त्याचा जोडीदार त्याला सांगतो आणि लगेच मारला जातो. खुनाचा आणि अफरातफरीचा आळ रोमनवरच येतो. कोणावर विश्वास ठेवावा हे कळेनासे झाल्यावर तो अंतर्गत चौकशी विभागाच्या विसाव्या मजल्यावरच्या कार्यालयात शिरून निरीक्षक नीबॉम, त्याची सहायक मॅगी, कमांडर फ्रॉस्ट आणि रूडी नावाचा एक भुरटा खबऱ्या यांना ओलीस धरतो. तो पैसे मागत नाही, विमान मागत नाही. त्याला क्रिस सेबियन (केविन स्पेसी) हवा असतो. सेबियन दुसऱ्या हद्दीतला निगोशिएटर, म्हणजे या कटात नसण्याची शक्यता असलेला एकमेव माणूस. दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे, पटकथा जेम्स डीमोनॅको आणि केविन फॉक्स यांची.

वर्गात सगळ्यात जास्त चालणारा तुकडा फार्लीचा. सेबियन येईपर्यंत खात्यातल्या फार्ली नावाच्या अधिकाऱ्याला फोनवर बसवले जाते. रोमन त्याला खेळवतो. पाद्री भेटवाल का, असे विचारतो. फार्ली नाही म्हणतो. रोमन म्हणतो, पाद्री न देणे बरोबर, कारण पाद्री आला की मरणाचा विचार येतो, पण तू मला 'नाही' म्हणालास, आणि ओलीस धरणाऱ्याला 'नाही' म्हणायचे नसते, नियमावलीतच आहे. मग तो असे प्रश्न टाकत जातो की फार्लीला 'नाही'शिवाय उत्तर सुचत नाही. सभागृह हसते, आणि जॅक्सनच्या चेहऱ्यावरचा राग व मजा यांचे मिश्रण खरोखर बघण्यासारखे आहे.

आता यातले खरे किती? नियम आहे, पण असा ब्रह्मवाक्यासारखा नाही. सपाट नकार टाळावा, हे खरे. नकाराने संभाषणाचे दार बंद होते आणि समोरच्याच्या हातात रागवायचे निमित्त येते. म्हणून 'मला विचारावे लागेल', 'ते अवघड दिसते, पण आपण आधी औषधाचे बघू या' अशी वळणे घेतली जातात. तरी काही गोष्टींना स्पष्ट नकारच द्यावा लागतो. शस्त्रे मिळणार नाहीत, ओलिसांच्या बदल्यात दुसरा माणूस आत जाणार नाही. तिथे गोलगोल बोलणे जास्त घातक, कारण उगाच आशा लागते. फार्लीचे चुकते ते 'नाही' या शब्दात नव्हे. तो प्रश्नांची उत्तरे देत बसतो, हे त्याचे चुकते. त्याने विचारायला हवे होते: पाद्री का आठवला? त्या एका प्रश्नाने रोमनची खेळी तिथेच अडली असती, आणि अर्थात दृश्यही पडले असते.

हे शास्त्र कुठून आले ते इथे सांगितले पाहिजे, नाहीतर चित्रपटातला तणाव अर्धाच कळतो. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी पहारेकऱ्यांना ओलीस धरले. चार दिवस बोलणी चालली, मग गोळीबार करत हल्ला झाला. त्या हल्ल्यात दहा ओलीस मेले, तेही बाहेरून आलेल्यांच्या गोळ्यांनी. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला एक छोटे विमान पळवून आणले गेले. वैमानिक रेडिओवरून इंधन मागत होता, आणखी वेळ द्या म्हणत होता. एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, गोळ्या झाडून विमान जागेवरच निकामी केले. आतल्या माणसाने वैमानिकाला आणि स्वतःच्या पत्नीला मारून स्वतःवर गोळी झाडली. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने या प्रकरणात एफबीआयच्या निष्काळजीपणाचा ठपका ठेवला: बोलणी पुढे जात असताना बळ वापरायची घाई का केली? अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हा खटला माहीत असतो.

मग सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिकला ऑलिम्पिकच्या वेळी अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. न्यूयॉर्क पोलिसांनी ठरवले की असे आपल्याकडे झाले तर काय, याचा विचार आधीच करायचा. हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ हा अधिकारी यांनी मिळून ती पद्धत उभी केली. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात क्रीडासाहित्याच्या दुकानात दरोडेखोरांनी माणसे ओलीस धरली. सुरुवातीच्या चकमकीत एक पोलीस मारला गेला. तरीही बाहेरच्यांनी आत घुसायची घाई केली नाही. सुमारे ४७ तासांनी ओलीस छतावरून निसटले आणि नंतर दरोडेखोर शरण आले. सहकारी मारला गेला असताना हात आवरून थांबणे त्या पोलिसांना किती जड गेले असेल, याची कल्पना करून बघा. ही पद्धत मुळात त्या थांबण्याची आहे. बोलणे हे थांबण्याचे साधन.

'द निगोशिएटर' बघताना कमांडर बेककडे (डेव्हिड मोर्स) याच नजरेने बघा. तो धडक पथकाचा प्रमुख. कमी दर्जाच्या पटकथेत तो नुसता खलनायक झाला असता. मोर्सने त्याला ताठ, प्रामाणिक आणि चुकीचा ठेवला आहे. बेकला रोमनचा सूड घ्यायचा नाही. प्रशिक्षणाने त्याला जे शिकवले तेच तो करतो, आणि म्हणूनच तो धोकादायक. असे बेक मी पुष्कळ पाहिले आहेत. वाईट माणसे नव्हेत ती. त्यांना रिकामे बसवत नाही, एवढेच.

विजेचा प्रसंग याच ओढाताणीतला. इमारतीची वीज तोडली जाते आणि पुढे ती परत मिळवण्याच्या बदल्यात रोमन फ्रॉस्टला सोडतो. सौदा म्हणून हे पुस्तकी आहे: सोय द्यायची, माणूस घ्यायचा. पण वीज हे दुधारी हत्यार आहे, आणि चित्रपट आला त्याच्या पाचच वर्षे आधी टेक्सासमध्ये वेको इथे ते साऱ्या जगाने पाहिले होते. २८ फेब्रुवारी १९९३ पासून ५१ दिवस एका पंथाच्या वसाहतीला वेढा होता. निगोशिएटरांनी बोलून बोलून ३५ जणांना, त्यात बरीच मुले, बाहेर काढले. आणि माणसे बाहेर येत असतानाच दुसऱ्या बाजूने वीज तोडली गेली, रात्री कर्कश आवाज लावले गेले. आतल्यांना त्यातून एकच गोष्ट कळली: माणसे सोडली की शिक्षा होते. १९ एप्रिलला आग लागली आणि ७५ हून अधिक माणसे मेली. त्यानंतर एफबीआयने बोलणाऱ्यांची आणि घुसणाऱ्यांची पथके एका छत्राखाली आणली, ती १९९४ मध्ये. चित्रपटाच्या उत्तरार्धात एफबीआय येते, सेबियनला बाजूला करते आणि सरसकट धाडीचा हुकूम देते. त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला तिथे वेगळे काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आता चुका. सगळ्यात मोठी चूक चित्रपटाच्या पायातच आहे. सेबियन येतो आणि सगळी सूत्रे आपल्या हातात घेतो: इथून पुढे माझ्याशिवाय कोणी हलायचे नाही. नाट्य म्हणून झकास. प्रत्यक्षात मात्र या व्यवसायातला पहिला नियमच असा की जो बोलतो तो हुकूम देत नाही आणि जो हुकूम देतो तो बोलत नाही. कारण अगदी व्यावहारिक आहे. 'मला वरच्यांना विचारावे लागेल' हे निगोशिएटरचे सर्वांत मौल्यवान वाक्य. त्यातून वेळ मिळतो, आणि नकार आला तर तो दुसऱ्या कोणाचा असतो, त्यामुळे संबंध टिकतो. सेबियन स्वतःच सर्वाधिकारी झाला की हा आडोसा जातो. रोमनने काहीही मागितले की उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. खरा रोमन, म्हणजे स्वतः या कामातला माणूस, या फटीचा फायदा पहिल्या दहा मिनिटांत घेईल.

दुसरी चूक म्हणजे एकट्या वीराची प्रतिमा. फोनवर एक असतो, पण त्याच्या कानाशी दुसरा बसलेला असतो. तो स्वतः बोलत नाही, फक्त ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो: 'बहिणीचा विषय निघाला की आवाज बदलतो', 'आता गप्प राहा'. तिसरा नोंद ठेवतो. भिंतीवरच्या फळ्यावर मागण्या, दिलेल्या मुदती, आतल्यांची नावे, कोणाला कुठले औषध लागते, सगळे लिहिलेले असते. कोणीतरी शेजाऱ्यांशी, जुन्या मालकाशी, डॉक्टरांशी बोलत असतो. पडद्यावर हे कंटाळवाणे दिसेल हे मान्य, पण माणसे वाचतात ती याने.

समोरासमोर आत जाणे, तेही निगोशिएटरने, हे टाळण्याचीच गोष्ट. फोन किंवा आडोशामागून बोलणे, हीच रीत. आणि इमारतीच्या खिडकीबाहेर हेलिकॉप्टर घोंगावत ठेवणे तर शुद्ध वेडेपणा, कारण आवाजाने माणूस बिथरतो आणि बोलणे ऐकू येत नाही. यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

एक प्रसंग मात्र मी मुद्दाम थांबवून दाखवतो. सेबियन रोमनला सांगतो की तुला हवा असलेला खबऱ्या, म्हणजे अफरातफरीची माहिती जोडीदाराला देणारा माणूस, सापडला आहे. ती थाप असते. त्याच सुमारास नीबॉमच्या संगणकातून रोमनला कळते की खरा खबऱ्या त्याचा मेलेला जोडीदारच होता. थाप उघडी पडते आणि तासाभराच्या बोलण्यातून जे कमावले ते एका क्षणात जाते. निगोशिएटरने खोटे बोलू नये का? नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. खोटे तपासता येण्यासारखे असेल तर बोलू नये, कारण आतल्या माणसाकडे दूरचित्रवाणी असते, फोन असतो आणि विचार करायला भरपूर वेळ असतो. शिवाय आज जो शरण येतो त्याला दिलेला शब्द मोडला, तर पुढच्या वेढ्यातला माणूस ती गोष्ट ऐकून बसलेला असतो. पटकथाकारांनी हा भाग फार नीट रचला आहे, आणि त्याची फारशी चर्चा होत नाही याचे मला आश्चर्य वाटते.

याउलट ज्या प्रसंगाची चर्चा सगळ्यात जास्त होते तो भाकड आहे. रोमन नीबॉमला समोर बसवून डोळ्यांवरून खोटे ओळखण्याचा धडा देतो. डोळे वर डावीकडे गेले तर माणूस खरे आठवतो आहे, उजवीकडे गेले तर रचून सांगतो आहे, वगैरे. जॅक्सन हे इतक्या खात्रीने म्हणतो की पुढे कित्येक मुलाखती घेणाऱ्यांनी आणि व्यवस्थापनाच्या शिबिरवाल्यांनी ते ब्रह्मज्ञान समजून उचलले. २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दावा प्रयोगांनी तपासला. खरे बोलणाऱ्यांच्या आणि खोटे बोलणाऱ्यांच्या नजरेत असा कोणताही फरक त्यांना आढळला नाही, आणि ज्यांना हे तंत्र शिकवले त्यांना खोटे जास्त ओळखता आले असेही नाही. प्रसंगाचा आनंद घ्या, पण कोणाच्या डोळ्यांकडे बघून निष्कर्ष काढू नका.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग तणावाचा नाहीच. दोघे फोनवर जुन्या वेस्टर्न चित्रपटांविषयी बोलतात. 'शेन' या चित्रपटाच्या शेवटी नायक मेला की जिवंत राहिला, यावर वाद घालतात. वरवर निव्वळ गप्पा. पण एकमेकांना अनोळखी असलेली दोन माणसे तिथे एकमेकांची मोजमापे घेत आहेत: हा पुस्तकावर विश्वास ठेवणारा आहे की डोळ्यांवर? नायक मरण्याची याला ओढ आहे का? शेवटचा प्रश्न कोणताही निगोशिएटर मनात ठेवूनच असतो, कारण आतला माणूस मरायला आला आहे की निघायला, हे कळले की बाकी सारे ठरते. एफबीआयच्या प्रशिक्षणात पायऱ्यांची एक मांडणी शिकवतात: आधी ऐका, मग समोरच्याच्या जागी उभे राहून समजून घ्या, मग नाते जुळते, मग तुमच्या शब्दाला वजन येते आणि शेवटी वागणे बदलते. नवशिक्याला थेट चौथ्या पायरीवर उडी मारायची असते. 'शेन'ची चर्चा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी आहे.

सेबियनची पहिली ओळखही अशीच हलकीफुलकी आहे. घरात पत्नी खोलीचे दार लावून बसली आहे, मुलगी फोन सोडत नाही, आणि शहरातली उंच इमारत उडवायला निघालेल्या माणसाला वळवणारा हा गृहस्थ दारासमोर हतबल उभा आहे. विनोद म्हणून बरा. अभ्यास म्हणून अधिक चांगला, कारण तो तिथेही आवाज चढवत नाही.

शेवटाकडे चित्रपट आपलेच तत्त्व सोडतो. हवेच्या नळ्यांतून आलेले भ्रष्ट पोलीस नीबॉमला मारतात, रोमन गणवेश चढवून निसटतो, सगळे नीबॉमच्या घरी जमतात. सूत्रधार निघतो तो फ्रॉस्ट, म्हणजे विजेच्या बदल्यात ज्याला सोडले तोच. सेबियन रोमनवर गोळी झाडून आपला वाटा मागायला आल्यासारखे दाखवतो, फ्रॉस्ट सगळे ओकतो आणि रोमनच्या रेडिओवरून ते बाहेर सगळ्यांना ऐकू जाते. जुळणी चलाख आहे, पण दोन तास बोलण्यावर चाललेला चित्रपट अखेरीस सापळ्यावर सुटतो. नीबॉम झालेला जे. टी. वॉल्श चित्रपट लागण्याआधीच, फेब्रुवारी १९९८ मध्ये वारला. घाबरलेला, गर्विष्ठ आणि आतून पोखरलेला अधिकारी त्याच्याइतका सहज क्वचितच कोणी उभा केला असेल. चित्रपट त्याला अर्पण आहे.

हा बघून झाला की सिडनी ल्युमेटचा १९७५ चा 'डॉग डे आफ्टरनून' लावा, याच क्रमाने. तो ऑगस्ट १९७२ च्या ब्रुकलिनमधल्या खऱ्या बँक दरोड्यावर आहे, म्हणजे म्युनिकच्या काही आठवडे आधीचा, न्यूयॉर्कचे पथक तयार व्हायच्याही आधीचा. चार्ल्स डर्निंगचा सार्जंट मोरेटी कोणत्याही शिकवणीशिवाय नुसता रस्त्यावर उभा राहून बोलतो. आपल्याच पोलिसांना तो ओरडून मागे हटवतो, बंदुका खाली करायला लावतो. दरोडेखोराच्या आईला घटनास्थळी येऊ दिले जाते, आणि मुलगा त्याने सावरण्याऐवजी आणखी अडकतो. कुटुंबीयांना थेट बोलायला लावू नये, असे आज का सांगतात, ते त्या एका प्रसंगात कळते. गर्दी टाळ्या वाजवते आणि अल पचिनोचा सॉनी अ‍ॅटिकाचे नाव घेऊन तिला चेतवतो. आणि मोरेटीच्या मागे, फारसे न बोलता, एफबीआयचा शेल्डन उभा असतो. पहिल्या बघण्यात मोरेटीकडे लक्ष द्या, दुसऱ्या बघण्यात फक्त शेल्डनकडे: तो कधी पुढे येतो, कोणाशी बोलतो आणि विमानतळावर जायच्या कितीतरी आधी त्याचे काय ठरलेले असते.